लिलावात भंगारवाल्यांपुढे आपला निभाव लागेल का?

प्रश्न : आमच्या तालुक्यातल्या एका शासकीय संस्थेने जुनी टेबलं, लोखंडी कपाटं, एक लेथ मशीन आणि एक जीप असं निर्लेखित साहित्य जाहीर लिलावात काढलं आहे. माझं छोटं वर्कशॉप आहे. आमच्यासारख्याला बोली लावता येते, की ते भंगारवाल्यांचंच काम? खरंच स्वस्त पडतं का? आणि आई म्हणते, लिलावाचा माल घरात आणू नये, कुणाचे तरी तळतळाट लागतात. (बार्शीहून एक वाचक)

उत्तर : बोली तुम्हालाही लावता येते. ‘फक्त नोंदणीकृत भंगार खरेदीदारांसाठी’ अशी अट नोटिशीत नसेल, तर ओळखपत्र दाखवून आणि अनामत रक्कम भरून कोणीही बोलीला उभं राहू शकतं. नोटीस मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. अनामत रोख की डिमांड ड्राफ्टने, हातची किंमत जाहीर केली आहे का, बोलीवर जीएसटी वेगळा आहे का, माल किती दिवसांत उचलायचा, हे सगळं तिथेच लिहिलेलं असतं. ‘जसे आहे, जेथे आहे’ हे शब्दही असणारच. म्हणजे घरी नेल्यावर खोड निघाली तर दाद मागायला जागा नाही, आणि हमाल, टेम्पो, क्रेन हा खर्चही तुमचाच.

भंगारवाल्यांना घाबरू नका. त्यांचा हिशोब वजनावर चालतो. लोखंड किती किलो, बिडाचा आजचा भाव काय, त्यातून वाहतूक आणि नफा वजा केला की त्यांचा आकडा तयार. त्याच्यापुढे ते सहसा जात नाहीत, कारण पुढे त्यांना काही सुटत नाही. तुम्हाला ती वस्तू वापरायची आहे, त्यामुळे तुम्ही त्या आकड्याच्या थोडं वर गेलात तरी बाजारातल्या जुन्या मालापेक्षा ती स्वस्त पडू शकते. लिलावातला खरा फायदा या फरकातच आहे, असं माझं मत आहे. म्हणून तिथे जाण्याआधी आजचा भंगाराचा भाव विचारून घ्या आणि लेथचं वजन अंदाजे काढा. वस्तू भंगार म्हणून किती किमतीची आहे हे ज्याला माहीत नाही, तो उगाच चढ्या बोलीत ओढला जातो.

आता लेथकडे येऊ, कारण तुमचं मन त्यातच असणार. पाहणीच्या दिवशी टॉर्च, चिंधी आणि थोडं रॉकेल घेऊन जा. बेडवरचा तेलकट थर पुसा. शिकाऊ मुलांच्या हातचं मशीन असेल तर चकच्या खाली बेडवर ठोके पडलेले दिसतील, ते चक किंवा हत्यारं पडल्याचे. ठोक्यांना फार भिऊ नका, झीज शोधा. बहुतेक काम चकजवळ होतं, म्हणून बेड तिथेच जास्त झिजतो. कॅरेज हाताने चकपासून टेलस्टॉकपर्यंत फिरवा. चकजवळ ढिली आणि टेलस्टॉककडे जड जायला लागली, तर झीज बरीच आहे असं समजा. बेड ग्राइंडिंग करून मिळतं, पण मशीन शहरात नेऊन आणण्यासकट तो खर्च मोठा असतो. तो आधीच बोलीतून वजा करा. मग स्पिंडल हाताने फिरवून गिअरचे दात बघा, हाफ नटचे आटे शिल्लक आहेत का ते बघा. मोटरवरची पट्टी वाचा. मोटर थ्री फेज असेल आणि तुमच्याकडे कनेक्शन सिंगल फेजचं असेल, तर त्याचाही खर्च आला. बदलायचे गिअर, चकची चावी, स्टेडी रेस्ट यांची नावं यादीत आहेत की नाहीत, हे त्याच दिवशी विचारा. मशीन मिळतं आणि सुटे भाग दुसऱ्याच लॉटमध्ये निघून जातात, असं घडू शकतं.

टेबलांत सागवान शोधा. वरचा पॉलिश भाग फसवतो, ड्रॉवर काढून आतली कोरी बाजू बघा. कपाटांचा तळाचा पत्रा गंजलेला नसेल तर बाकी रंगरंगोटीने सुधारतं.

अडचण एकच येईल. माल सरसकट लॉटने निघतो. तुम्हाला दोन टेबलं हवी असतात आणि लॉटमध्ये पडक्या बाकांचा ढीग असतो. अशा वेळी बोलीच लावू नका. ज्याला लॉट सुटेल त्याला फाटकाबाहेर गाठा आणि दोन टेबलांचा भाव ठरवा. त्यालाही वाहतुकीचा भार कमी झालेला हवाच असतो.

बोलीचा कायदा थोडक्यात. 1930 च्या माल विक्री कायद्याचं कलम 64 सांगतं की हातोडा पडेपर्यंत, किंवा रिवाजाप्रमाणे ‘तीन वार’ पुकारेपर्यंत, विक्री पुरी होत नाही, आणि तोवर बोली मागे घेता येते. मात्र नोटिशीत बोली मागे घेतल्यास अनामत जप्त होईल अशी अट असेल तर आधी अधिकाऱ्याकडून खुलासा घ्या. विकणाऱ्याने किंमत फुगवायला खोटी बोली लावली, तर खरेदीदाराला व्यवहार रद्द करण्याचा हक्क त्याच कलमात आहे. तुमचा वरचा आकडा घरीच कागदावर लिहा आणि तो आला की थांबा.

जीपच्या नादी लागू नका. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी पुन्हा होत नाही, ती नोंदणीकृत केंद्रात मोडीतच काढायची असतात. जीप त्याहून नवी असेल तरच विचार करा. मग मात्र विक्री कायम केल्याचं पत्र आणि लिलावाच्या आदेशाची प्रमाणित प्रत घेतल्याशिवाय ताबा घेऊ नका. ताबा मिळाल्यापासून 30 दिवसांत फॉर्म 32 भरून आरटीओत नाव लावावं लागतं, त्याला हीच कागदपत्रं लागतात.

राहिला आईंचा प्रश्न. त्यांच्या मनात जप्तीचा लिलाव आहे आणि त्यांची भीती मला पटते. दुसऱ्याच्या दारातून ओढून आणलेल्या वस्तूवर डोळा ठेवणं बरं वाटत नाही. पण त्यांना दोन गोष्टी जरूर सांगा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 ने अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि मंगळसूत्रासारखे धर्माप्रमाणे काढता न येणारे दागिने जप्तीबाहेर ठेवले आहेत. आणि जप्तीच्या लिलावात आलेली रक्कम कर्जात वळती होते, कर्ज फिटून वर उरलं तर ते कर्जदाराला परत मिळतं. तिथे कोणी योग्य भावाची बोली लावली तर कर्जदाराचं ओझं हलकंच होतं, पडत्या भावात माल लाटला गेला तर त्याचं नुकसान होतं. तुमच्या गावचा लिलाव या प्रकारचा नाहीच. ही संस्थेच्या जडसंग्रह नोंदवहीतून कमी केलेली सामग्री आहे, पैसे शासनाच्या खात्यात भरले जातील. पाहणीच्या दिवशी आईंनाही सोबत न्या. सागवान ओळखण्यात त्यांच्या पिढीचा हात तुमच्या-माझ्यापेक्षा पक्का असतो.