ट्रक ऑईल खात नाही? मग तपासून पाहा

आपल्या समाजात कापड, चादरी, फळे आणि भंगार यांचा व्यापार करणारे पुष्कळ. त्यांतील अनेकांनी स्वतःचा एखादा जुना ट्रक घेतलेला असतो. वेळापूर, अकलूज, सांगोला भागात तो हंगामात उसाला लागतो, एरव्ही सोलापूरहून गाठी आणतो. असा एकच ट्रक आणि त्यावर कर्जाचा हप्ता असेल तर इंजिन बसणे म्हणजे धंदाच बसणे. म्हणून आज कापडाचा विषय बाजूला ठेवून इंजिनच्या ऑईलमध्ये उतरणाऱ्या डिझेलविषयी लिहितो.

ड्रायव्हर मोठ्या खुशीने सांगतो, “शेठ, गाडी ऑईलचा थेंब खात नाही.” मालकही खूश होतो. पण लाखो किलोमीटर चाललेले इंजिन थोडेफार ऑईल खाणारच. तरीही पट्टीवरची खूण महिनाभर हलत नसेल, तर जळालेल्या ऑईलची जागा दुसरे काही भरून काढत आहे का, हे विचारावे. खूण वर चढत असेल तर शंकेला जागाच उरत नाही. चेंबरमध्ये 15 लीटर ऑईल धरले तर पाऊण लीटर डिझेल म्हणजे शेकडा 5 झाले. एवढ्यानेही ऑईल चांगलेच पातळ होते. खळ पातळ झाली की ताण्याचे सूत मागावर तुटते, हे आपल्या विणकरांना सांगायला नको. इथे सुताच्या जागी क्रँकचे बेअरिंग असते.

तपासणीला खर्च नाही. सकाळी इंजिन थंड असताना, सपाट जागेवर पट्टी पाहावी आणि खूण वहीत लिहावी. आठ दिवस हेच करावे. ऑईल बोटांवर चोळून वास घ्यावा. मात्र डिझेल इंजिनचे ऑईल काळेच असते, तेव्हा रंगावर जाऊ नये. टिपकागदावर या ऑईलचा एक थेंब आणि शेजारी त्याच जातीच्या नव्या ऑईलचा एक थेंब टाकून काही तास ठेवावा. डिझेल असेल तर काळ्या डागाबाहेर फिकट, तेलकट कडे दूरवर पसरते. गरम इंजिनला ऑईल प्रेशर पूर्वीपेक्षा कमी दाखवत असेल तर शंका आणखी बळकट होते. ऑईल दुधाळ झाले असेल आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर तो पाण्याचा रोग आहे, त्याचा इलाज वेगळा. पक्की खात्री हवी असेल तर प्रयोगशाळेत नमुना द्यावा. तिथे ऑईलचा दाटपणा आणि ते किती उष्णतेला पेट घेते हे मोजतात. काडी लावून पाहण्याचा उद्योग मात्र कोणी करू नये.

आता डिझेल येते कुठून? इथेच मिस्त्री लोक घाई करतात आणि हेड उघडायला निघतात. जुन्या पद्धतीच्या पंपाला इंजिनच्याच ऑईलचे वंगण मिळत असेल, तर आधी फीड पंप उतरवून पाहावा. त्याचा दांडा झिजला की डिझेल पंपाच्या पोटात उतरते आणि तिथून चेंबरमध्ये जाते. पंपाचे एलिमेंट झिजले तरी तोच मार्ग. अशा वेळी गाडी साफ चालते, धूर नाही, मिसिंग नाही, म्हणूनच कोणाला कळत नाही. नोझल टपकत असेल तर सहसा सकाळी पांढरा धूर, एखादा सिलिंडर मिस आणि कच्च्या डिझेलचा वास येतो. हे डिझेल लायनरवरचे ऑईल धुऊन खाली उतरते, त्यामुळे रिंगही झिजतात. काही इंजिनांत नोझलचे ओव्हरफ्लो पाइप टॅपेट कव्हरच्या आत असतात, तिथला वायसर गेला तरी हेच होते.

मिसिंग सिलिंडर शोधण्यासाठी उस्ताद चालू इंजिनवर एकेका नोझल पाइपचा नट सैल करतात. जुन्या पंपावर हे चालत आले आहे. कॉमन रेल इंजिनवर हे हरगिज करू नये. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते.

काही वेळा गळती नसतेच. कारखान्याच्या रांगेत ट्रक तासन्तास संथ चालू ठेवला तरी न जळलेले डिझेल थोडे थोडे ऑईलमध्ये मिसळते. 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांपैकी काहींत धुराची जाळी साफ करण्यासाठी सिलिंडरमध्ये उशिरा डिझेल सोडले जाते, तेही खाली उतरते. आमच्याकडे गाठी आणणाऱ्या एका ट्रकचे ऑईल असेच वाढत होते. मालकाने रांगेत इंजिन बंद ठेवायला लावले, तरी पट्टी चढतीच राहिली. तेव्हा फीड पंप उतरवला आणि दोष तिथेच निघाला. हेडला हात लावावा लागला नाही.

वाढलेले ऑईल थोडे काढून टाकले की झाले, असे समजणारे गाफील आहेत. उरलेले ऑईल पातळच असते. शिवाय चेंबर फार भरले तर ब्रीदरमधून ते हवेच्या मार्गात शिरते आणि इंजिन त्यावरच भरधाव सुटते. मग स्टॉप ओढूनही ते बंद होत नाही, हवेचा मार्ग कोंडावा लागतो. तेव्हा पट्टी वरच्या खुणेपलीकडे गेलेली दिसली तर गाडी सुरूच करू नये.

दोष काढल्यावर ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत, आणि प्रेशर पूर्ववत आले नाही तर बेअरिंग उघडून पाहावे. पुढचे पंधरा दिवस पट्टीची खूण पुन्हा वहीत लिहीत राहावी.