फ्लॉवरचे फ्रिजमधील झटपट लोणचे : माप, सिरका आणि सावधगिरी

थंडीच्या दिवसांत मंडईत फ्लॉवर स्वस्त होतो. एक गड्डा घ्यायला गेलेला माणूस दोन-तीन घेऊन येतो. पहिल्या दिवशी भाजी होते, दुसऱ्या दिवशी पराठे होतात आणि उरलेला गड्डा भाजीच्या टोपलीत पिवळा पडू लागतो. स्वस्तात घेतलेला माल घरात सडला, तर तो महागच पडला. या नुकसानीवर एक सोपा उपाय आहे. अर्ध्या-पाऊण तासाच्या कामात या फ्लॉवरचे सिरक्यातील लोणचे घालता येते. ते दुसऱ्या दिवसापासून खाता येते आणि फ्रिजमध्ये तीन आठवडे टिकते.

व्यापाराच्या पानावर लोणच्याचा धडा कशाला, असे काही बांधव विचारतील. पहिले कारण म्हणजे हा घरखर्चाचा हिशेब आहे. दुसरे कारण असे, की या लोणच्याचे सारे काम आम्लाच्या मापावर चालते, आणि आम्लाचे माप आपल्या रंगारी व कापड धुलाईच्या धंद्यातील लोकांना नवीन नाही. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे असून ते पुढे स्वतंत्र मथळ्याखाली दिले आहे. ते कृपया वगळू नये.

कच्चा रंग आणि पक्का रंग

आंब्याचे किंवा लिंबाचे लोणचे वर्षभर कपाटात राहते. त्यात मीठ भरपूर असते, फळाची स्वतःची आंबटाई असते, फोडींचे पाणी मिठाने किंवा उन्हाने कमी केलेले असते आणि वर तेलाचा थर असतो. उत्तरेकडे गाजर, शलगम व फूलगोबीचा गोड अचार करतात, त्यातही गूळ, सिरका व मोहरीचे तेल भरपूर असते. हा झाला पक्का रंग.

आपण शिकणार आहोत ते लोणचे कच्च्या रंगाच्या कापडासारखे आहे. ते दिसायला सुंदर असते, पण त्याला जपावे लागते. त्यात तेल नाही, मीठ बेताचे आहे, आणि फ्लॉवरमध्ये सुमारे ९० टक्के पाणी असते. म्हणून या लोणच्याचे रक्षण दोन गोष्टी मिळून करतात : सिरक्याची आंबटाई आणि फ्रिजचा थंडावा. यांपैकी एक गोष्ट काढून घेतली, तर लोणच्याचा भरवसा राहत नाही.

सिरक्याच्या बाटलीवरील आकडा वाचा

बाजारातील पांढऱ्या सिरक्यावर आम्लतेचा आकडा छापलेला असतो. आपल्याकडे तो बहुधा ४ टक्के असतो. कायद्याप्रमाणे सिरक्यात दर १०० मिलिलिटरला किमान ३.७५ ग्रॅम ॲसिटिक आम्ल असावे लागते. अमेरिकेत घरगुती लोणच्यासाठी ५ टक्क्यांचा सिरका धरून कृती लिहिल्या जातात. अशा कृतींत पुष्कळदा ‘एक भाग सिरका, एक भाग पाणी’ असे माप असते. तेच माप आपल्या बाटलीला लावले, तर अडीच टक्क्यांऐवजी दोन टक्क्यांचेच पाणी तयार होते. म्हणून आपण दोन भाग सिरका आणि एक भाग पाणी घ्यावे. म्हणजे आम्लता सुमारे २.७ टक्के राहते.

फ्लॉवर या पाण्यात पडला, की त्याच्या अंगातील पाणी बाहेर येते आणि आम्ल आत शिरते. दोन-तीन दिवसांत आतबाहेर सारखे होते. पुढे दिलेल्या मापात ४०० मिलिलिटर सिरका आहे, म्हणजे १६ ग्रॅम आम्ल. ते ५०० ग्रॅम फ्लॉवर आणि ६०० मिलिलिटर पाण्यात वाटले गेले, म्हणजे शेवटी सुमारे दीड टक्का उरते. इतके पुरेसे आहे. पण यात आणखी पाणी ढकलून काटकसर करू नये.

यामागील शास्त्र थोडक्यात असे आहे. आंबटपणा पीएच या मापाने मोजतात, आणि आकडा जितका लहान तितकी आंबटाई जास्त असते. पीएच ४.६ च्या वर गेलेल्या बंद बरणीत, हवा नसलेल्या ठिकाणी, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचे जंतू वाढून विष तयार करू शकतात. त्या विषाला वास किंवा चव असेलच असे नाही. ताज्या फ्लॉवरचा पीएच साडेपाचच्या आसपास असतो. त्याला ४.६ च्या बराच खाली आणणे हे सिरक्याचे काम आहे.

घरी केलेला उसाचा किंवा जांभळाचा सिरका चटणीत अवश्य वापरावा, पण या लोणच्यात नको, कारण त्याची आम्लता मोजलेली नसते. सुटा सिरकाही नको. सीलबंद बाटलीच घ्यावी. द्राक्षाच्या मद्यापासून केलेला वाइन व्हिनेगर बाजारात मिळतो, पण त्याचीही येथे गरज नाही.

रंगखान्यातील ॲसिड घरात आणू नये

रेशीम व लोकर रंगवताना आणि सुती कापडाच्या धुलाईत क्षार मारण्यासाठी ॲसिटिक ॲसिड वापरतात. कॅनमधून येणारे हे आम्ल बहुधा अगदी तीव्र असते. वास सिरक्याचाच असल्यामुळे कोणाच्याही मनात येते, की यात पाणी घातले की झाला सिरका! ही समजूत घातक आहे. हे ॲसिड अंगावर पडले तर कातडी भाजते, आणि डोळ्यात गेले तर दृष्टीला धोका होतो. ते खाण्यासाठी तयार केलेले नसते. त्यात कोणती अशुद्धी आहे, कॅनमध्ये आधी काय भरले होते, हे आपणास ठाऊक नसते. अंदाजाने पाणी मिसळून आम्लता बरोबर येत नाही. दहा-वीस रुपये वाचवण्यासाठी मुलाबाळांच्या पोटाशी खेळ करू नये. रिकामे कॅन धुऊन त्यांत लोणचे, पाणी किंवा तेल भरणेही चूकच आहे. घरात बायका-मुलांना हे एकदा समजावून सांगावे.

साहित्य

फ्लॉवरचे स्वच्छ तुरे ५०० ग्रॅम. एक किलोच्या गड्ड्यातून पाने व जाड देठ काढून इतके तुरे निघतात. कोवळा देठ सोलून, चकत्या करून त्याच वजनात धरावा. पानांची भाजी होते.

पांढरा सिरका (४ टक्के) ४०० मिलिलिटर आणि पाणी २०० मिलिलिटर. मीठ दीड मोठा चमचा, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. साखर दोन मोठे चमचे. हळद अर्धा लहान चमचा, मोहरी एक लहान चमचा, काळी मिरी ८-१०, लसणाच्या सोललेल्या पाकळ्या ६, हिरव्या मिरच्या ३, आल्याचा लहान तुकडा आणि एक तमालपत्र.

मसाला आवडीप्रमाणे बदलता येतो. साखर कमी केली तरी चालते. सिरका मात्र कमी करू नये.

भांडे स्टीलचे घ्यावे. ॲल्युमिनियमचे नको, आणि तांब्या-पितळेचे तर मुळीच नको. देगचीची कल्हई उडालेली असेल, तर आम्लाने तांबे सुटून लोणच्यात उतरते. बरण्या काचेच्या असाव्यात, पाऊण लिटरच्या दोन पुरतात. लोखंडी झाकण सिरक्याने गंजते, म्हणून प्लॅस्टिकचे किंवा काचेचे झाकण बरे.

कृती

१. बरण्या व झाकणे साबणाने धुऊन घ्यावीत. बरण्या थंड पाण्यात ठेवून ते पाणी उकळावे, दहा मिनिटांनी बाहेर काढून पालथ्या ठेवाव्यात.

२. तुरे एका घासाच्या आकाराचे करावेत. कोमट पाण्यात मीठ घालून त्यात ते १५ मिनिटे बुडवून ठेवावेत, म्हणजे आत लपलेल्या अळ्या बाहेर पडतात. नंतर स्वच्छ पाण्याने धुवावेत.

३. उकळत्या पाण्यात तुरे एक मिनिट घालून लगेच काढावेत. जास्त वेळ ठेवल्यास ते मऊ पडतात आणि कुरकुरीतपणा जातो.

४. तुरे सुती कापडावर पसरून वरचे पाणी सुकू द्यावे. येथे कापडवाल्याची एक सूचना : कोरे कापड घेऊ नये, त्याला खळ असते. अनेकदा धुतलेले मऊ कापड पाणी चांगले पिते.

५. सिरका, पाणी, मीठ, साखर व हळद स्टीलच्या भांड्यात एकत्र करून उकळी आणावी. मीठ-साखर विरघळली की गॅस बंद करावा. फार वेळ उकळत ठेवल्यास माप बिघडते.

६. कोमट बरणी लाकडी पाटावर किंवा घडी केलेल्या कापडावर ठेवावी, थंड ओट्यावर ठेवल्यास काच तडकते. त्यात तुरे व मसाला भरून वरून गरम पाणी ओतावे. सर्व तुरे पाण्याखाली गेले पाहिजेत. बरणी हलकेच हलवून हवेचे बुडबुडे काढावेत.

७. बरणी निवली की झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवावी. दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू देऊ नये.

२४ तासांनी लोणचे खाता येते. खरी चव तिसऱ्या दिवशी येते. दाल-चावल, खिचडी, बिर्याणी किंवा सीखकबाबाबरोबर ते छान लागते, आणि कारखान्यातील दुपारच्या डब्यालाही चालते. डब्यात त्या दिवशी खाण्यापुरतेच न्यावे. उरलेले पुन्हा बरणीत टाकू नये. ज्यांना डॉक्टरांनी मीठ कमी सांगितले आहे त्यांनी बेताने खावे.

बरणीतील रंग

कधी कधी पांढरा तुरा सिरक्यात गुलाबी होतो. फ्लॉवरमधील काही बिनरंगी द्रव्ये आम्लात रंग धरतात, म्हणून असे होते. लसणाची पाकळी कधी निळसर-हिरवी पडते, तेही आम्लामुळेच. दोन्हींत काही अपाय नाही. मिठाच्या व मसाल्याच्या बारीक कणांनी पाणी थोडे गढूळ होऊ शकते. परंतु फेस, वर चढणारे बुडबुडे, बुळबुळीतपणा, बुरशी, कुजका वास किंवा फुगलेले झाकण दिसल्यास बरणी फेकावी. चाखून पाहू नये.

आमच्या घरचा अनुभव

काही वर्षांपूर्वी फ्लॉवर फार स्वस्त होता, तेव्हा आमच्या घरी एकदम आठ बरण्या घातल्या. शेवटच्या बरण्यांना सिरका अपुरा पडला. दुकान लांब, म्हणून पाणी वाढवून काम भागवले. त्यांतलीच एक बरणी एका नातेवाइकांकडे पाठवली. त्यांनी लोणचे ते लोणचेच समजून ती आंब्याच्या बरणीशेजारी कपाटात ठेवली. पाचव्या दिवशी झाकण फुगले आणि उघडताच फेस वर आला. त्यांच्या घरातील वडीलधाऱ्या बाईंनी कोणाला हात लावू दिला नाही, म्हणून कोणी आजारी पडले नाही.

नातेवाइकांचा यात दोष नव्हता. सिरका आम्ही कमी केला आणि चिठ्ठीही आम्ही लावली नाही. दुकानात प्रत्येक ठाणावर माल कोणता, मीटर किती, याची चिठ्ठी लावणारा माणूस घरच्या बरणीवर चिठ्ठी लावायला विसरला! तेव्हापासून प्रत्येक बरणीवर तीन गोष्टी लिहितो : घातल्याची तारीख, संपवण्याची तारीख आणि ‘फ्रिजमध्येच ठेवा’.

साठवण आणि उरलेले पाणी

फ्रिजचे तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असावे. बरणी दाराच्या कप्प्यात ठेवू नये, ती जागा सर्वांत कमी थंड असते. आतल्या फळीवर ठेवावी. वीज गेल्यास फ्रिज उघडू नये, बंद फ्रिज सुमारे चार तास थंडावा धरतो. ज्या गावात वीज रोज याहून अधिक जाते, तेथे लहान बरणी घालून आठवड्यात संपवावी. चमचा नेहमी कोरडा व स्वच्छ असावा.

लोणचे संपल्यावर उरलेल्या आंबट पाण्यात पुन्हा फ्लॉवर टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये. पहिल्या फ्लॉवरने त्यातील आम्ल ओढून घेतलेले असते. दुसऱ्या वेळी आम्लता दीड टक्क्यावरून एक टक्क्याच्याही खाली येते. एकदा कापड रंगवून उतरलेल्या पाण्यात दुसरे ठाण घातले, तर रंग फिका येतो, तसाच हा प्रकार आहे. ते पाणी चार दिवसांत कोशिंबिरीत वापरून संपवावे.

विकता येईल काय?

हा प्रश्न येणारच. घरच्या चार माणसांसाठी लोणचे घालणे वेगळे आणि पैसे घेऊन विकणे वेगळे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार खाद्यपदार्थ विकणाऱ्यास, तो घरातून धंदा करीत असला तरी, नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. शिवाय हे लोणचे आपल्या घरापासून दुकानापर्यंत आणि दुकानापासून गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत थंडच राहिले पाहिजे. दुकानाच्या फळीवर ठेवण्याचा हा माल नव्हे. ज्या भगिनींना लोणच्याचा गृहोद्योग करावयाचा आहे, त्यांनी आंबा, लिंबू, मिरची अशा पक्क्या लोणच्यापासून सुरुवात करावी, नोंदणी करावी आणि मालाची तपासणी करून घ्यावी.

फ्लॉवरची ही बरणी घरासाठीच राहू द्यावी. मोसमात दर पंधरवड्याला एक गड्डा असा वाचला, तर चार पैसे हातात राहतील आणि जेवणाला चवही येईल. फक्त सिरका मापाने, बरणी फ्रिजमध्ये आणि वर तारखेची चिठ्ठी, एवढे सांभाळावे.