दवाखान्याच्या नावाने येणारा फोन : ओळख आणि सावधगिरी

घरात आजारपण आले की माणसाचे निम्मे अवसान गळते. अशा वेळी कोणी ‘हॉस्पिटलमधून बोलतोय’ म्हटले की आपण त्याला उलट प्रश्न विचारत नाही. याच विश्वासाचा भामटे फायदा घेतात आणि औषधपाण्यासाठी पै-पै करून साठवलेली पुंजी काही मिनिटांत नाहीशी होते. म्हणून हा विषय आपण सर्वांनी नीट समजून घेतला पाहिजे.

फसवणूक कशी होते?

१) अपॉइंटमेंटच्या नावाने : आपण इंटरनेटवर रुग्णालयाचा नंबर शोधतो. तेथे रुग्णालयाच्या नावाखाली भामट्याने स्वतःचा नंबर टाकलेला असतो. फोन आपणच केलेला असल्यामुळे संशय येत नाही. पलीकडचा माणूस रुग्णाचे नाव, वय, आजार आपुलकीने विचारतो आणि म्हणतो, ‘नोंदणीचे फक्त दहा रुपये भरा, लिंक पाठवतो.’ त्या लिंकमधून मोबाईलमध्ये एक ॲप उतरते. आपण त्याला परवानगी दिली की आपले संदेश, ओटीपीसुद्धा, त्याच्या हाती लागतात. दहा रुपये हे नुसते आमिष. डोळा असतो सगळ्या खात्यावर.

२) सरकारी योजनेच्या नावाने : ‘तुमचे आयुष्मान कार्ड बंद होणार आहे, आधार क्रमांक आणि ओटीपी सांगा.’ २०२१ साली कोरोनाची लस आली, तेव्हाही नाव नोंदवून देतो म्हणून असेच ओटीपी मागितले गेले.

३) अपघाताच्या नावाने : ‘तुमचा मुलगा ॲडमिट आहे, ताबडतोब पैसे पाठवा.’

ओळखावे कसे?

तिन्ही प्रकारांत खूण एकच, ती म्हणजे घाई. विचार करायला, घरच्यांना विचारायला वेळच दिला जात नाही. ओटीपी, पिन किंवा ॲप यांचे नाव निघाले की फोन ठेवावा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. मोबाईलवर दिसणारे नाव किंवा नंबरही खोटा असू शकतो.

काय करावे?

फोन ठेवून केसपेपरवर छापलेल्या नंबरावर आपण स्वतः फोन करावा. योजनेविषयी शंका असल्यास योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भेटावे किंवा १४५५५ वर विचारावे. मुलाच्या अपघाताचा फोन आला, तर आधी मुलालाच फोन लावावा.

फसवणूक झालीच, तर मोबाईलचे इंटरनेट बंद करून लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे आणि बँकेला खाते गोठवायला सांगावे. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात भराभर फिरवले जातात. तक्रार जितकी लवकर, तितकी ते अडवले जाण्याची आशा जास्त.

शेवटी एक विनंती. फसलेल्या आई-वडिलांवर, आजी-आजोबांवर रागावू नका. रागाच्या भीतीने वडीलधारी गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्यात मोलाचा वेळ जातो. लाज फसवणाऱ्याला वाटावी, फसलेल्याला नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, आजच एका कागदावर डॉक्टरांचा नंबर, बँकेचा नंबर आणि १९३० ठळक अक्षरांत लिहून घरातील भिंतीवर लावा. आपल्या घरचे झाले की शेजारच्या घरीही एक लावून या.