दोनशे तासांनंतरचं आकाश

चि. छोटीस,


ताईचा फोन आला की हल्ली विषय एकच असतो. पोरीला परवाना मिळाला, पेपरात पायलटांच्या तुटवड्याच्या बातम्या येतात, मग तिला बोलावणं का येत नाही? फोनवर हे नीट सांगून होत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र. वाचून झालं की ताईलाही दे.

तुटवडा खरा आहे, पण तो कोणाचा हे बातमीत फारसं लिहिलेलं नसतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी जाहीर केली, जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची. त्याच वर्षी विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने १,६२२ कमर्शियल पायलट लायसन्स दिली. आदल्या वर्षी हा आकडा १,१६५ होता. मागणी एका दिवसात नोंदवली जाते, विमानं मात्र वर्षानुवर्षं टप्प्याटप्प्याने येतात. परवाना घेतलेली मुलं तर आजच दारात उभी असतात. शिवाय कंपन्यांना सगळ्यात जास्त चणचण असते ती कमांडरची आणि नव्यांना शिकवणाऱ्या ट्रेनिंग कॅप्टनची. परवान्यापुरते दोनशे तास उडवलेला वैमानिक कामावर घेतला की त्याचं टाइप रेटिंग (त्या जातीच्या विमानाची खास परवानगी), सिम्युलेटर, मग खऱ्या प्रवासी फेऱ्यांवरचं लाइन ट्रेनिंग, या प्रत्येक पायरीला एक अनुभवी माणूस गुंतून पडतो. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोच्या फेऱ्या मोठ्या प्रमाणावर रद्द झाल्या, तेव्हा वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झालेले होते: आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीची लँडिंग सहावरून दोन. त्या दिवसांत देशभर नवे परवानाधारक घरी बसून होते आणि त्यांचा कोणालाच उपयोग नव्हता. त्यांना तयार करायला लागणारे महिने कुठून आणायचे?

उलटंही घडतं. २०१२ मध्ये किंगफिशर विमान कंपनी बंद पडली, एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. प्रत्येक वेळी हजारो तास उडवलेली माणसं बाजारात आली आणि नवख्यांची रांग मागे सरकली. तेव्हा बोलावणं न येणं म्हणजे तुझ्यात काही कमी आहे, असा अर्थ काढत बसू नकोस. ही रांग हलते आणि थांबते ती उमेदवारांच्या हाती नसलेल्या कारणांनी.

हे वाट पाहणं नवं नाही. प्रेम माथुर यांचं नाव तू ऐकलं असशील. अलाहाबादच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकून त्यांनी १९४७ मध्ये व्यावसायिक परवाना मिळवला आणि आठ कंपन्यांकडे अर्ज केले. आठही ठिकाणी नकार, कारण बाई. मग हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना सहवैमानिक म्हणून घेतलं. १९४९ ची राष्ट्रीय हवाई शर्यतही त्यांनी जिंकली. आज भारतात बायका विमान उडवतात याचं कोणाला नवल वाटत नाही, त्यांचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे आहे. पण परवान्यानंतरचा तो रिकामा काळ प्रेमताईंनाही चुकला नव्हता, हे ध्यानात ठेव.

परदेशात हा काळ भरून काढायला बारकी कामं पुष्कळ असतात. अमेरिकेत २००९ साली बफेलोजवळ कोलगन कंपनीचं विमान पडलं. त्यानंतर झालेल्या कायद्यामुळे २०१३ पासून प्रवासी कंपनीत सहवैमानिकालाही साधारण १,५०० तास लागतात. मग तिथली मुलं शिकवतात, शेपटीला जाहिरातीचं कापड बांधून समुद्रकिनाऱ्यावरून उडतात, पाइपलाइनवर नजर ठेवतात, पॅराशूटवाल्यांना वर नेऊन सोडतात. बोत्सवानात माउन नावाच्या गावी दोनशे-अडीचशे तासांची मुलं येऊन मुक्काम ठोकतात. ओकावांगोच्या दलदलीतल्या पर्यटक-तळांवर सेस्ना घेऊन जायचं, उतरण्याआधी मातीच्या धावपट्टीवर खाली झेप घेऊन जनावरं हाकलायची, ही तिथली नेहमीची नोकरी. व्हिसा, तिथला परवाना आणि खिशातले पैसे यांचा मेळ बसत असेल तर त्या वाटेचा जरूर विचार कर. पण नुसत्या फोटोंवर भाळून जाऊ नकोस.

आपल्याकडे अशी कामं मोजकीच. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं एकच: इन्स्ट्रक्टर हो.

असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग घ्यायला तू टाळाटाळ करतेस, असं ताई म्हणाली. ‘शिकवायला गेले की तिथेच अडकेन’ ही तुझी भीती. मला उलटं दिसतं. गोंदिया, बारामती, धुळे, जळगाव इथल्या फ्लाइंग स्कूलमध्ये जाऊन पाहा. उन्हाळ्यात दुपारी हवा उसळायच्या आत सकाळीच सरावाच्या सॉर्टी उरकतात. विमानाभोवती फेरी मारताना पोरगं पंखाखालून इंधनाचा नमुना काढतं. तो कप उजेडाकडे धरायचा, निळसर ॲव्हगॅसच्या तळाशी पाण्याचा थेंब बसलाय का ते बघायचं. विद्यार्थिनी म्हणून तू हे असंख्य वेळा केलंस. कोणीतरी मागे उभं होतं म्हणून केलंस. इन्स्ट्रक्टर झाल्यावर मागे उभी राहणारी तूच. लँडिंगच्या वेळी पोरगं नाक उचलायला उशीर करतंय, हात कंट्रोलवर किती लवकर न्यायचा आणि किती वेळ आवरायचा, हे त्या काही सेकंदांत ठरवावं लागतं. निर्णय घेण्याचा सराव एकट्याने तासन्‌तास सरळ रेषेत उडून होत नाही, इथे तो रोज होतो. शिवाय लॉगबुक भरतं, हवामान आणि नियम जिभेवर राहतात, आणि चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरला तुझी चालचलणूक माहीत होते. विमानवाल्यांची दुनिया छोटी आहे, कोण कसं वागतं हे फोनवर विचारलं जातं.

हँगरमधल्या माणसाच्या नजरेने एक गोष्ट सांगतो. उतरल्यावर काही जण टेक लॉगमध्ये नुसतं ‘इंजिन रफ’ लिहून चहाला जातात. काही जण लिहितात: किती उंचीवर, किती आरपीएमला, कोणता मॅग्नेटो लावल्यावर, किती वेळ. दुसऱ्या प्रकारे बिघाड नोंदवणारी पोरं आम्हा इंजिनिअरांच्या लक्षात राहतात आणि कोणी विचारलं तर आम्ही त्यांचंच नाव घेतो.

आता पैशांचं. एअरबस ए-३२० चं टाइप रेटिंग स्वतःच्या खर्चाने आधीच करून ठेवावं का, असं तू विचारलंस. जागा पक्की नसेल तर नको. पंधरा-वीस लाखांच्या घरात जाणारा हा खर्च ताई-भाऊजींच्या डोक्यावरच्या कर्जात भर घालेल. उद्या बोलावणं एटीआर विमानं उडवणाऱ्या कंपनीचं आलं तर ते रेटिंग तिथे चालणार नाही. गोव्यात मोपाहून चालणारी फ्लाय-९१ एटीआर-७२ उडवते, अलायन्स एअरकडेही एटीआर आहेत. अशा कंपन्यांची आतापासून माहिती ठेव. ‘इतके लाख भरा, सीट पक्की’ म्हणणाऱ्या एजंटाला मात्र उभंही करू नकोस. कंपनीची जाहिरात कंपनीच्या स्वतःच्या पानावर असते, तिथूनच अर्ज करायचा.

तास वाढवून लिहिण्याचा मोह कोणी दाखवला तर तिथून उठून ये. पेनाने उडवलेल्या अशा तासांना आपल्या लोकांत ‘पार्कर पेन अवर्स’ म्हणतात. २०११ साली बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची आणि न उडवलेले तास नोंदवल्याची प्रकरणं बाहेर आली, काहींना अटक झाली. मला त्याहून मोठी काळजी वेगळीच आहे. ढगात शिरल्यावर ते खोटे तास मदतीला येत नाहीत, आणि मागे बसलेल्या माणसांना ते ठाऊक नसतं.

परवान्याची मुदत आता दहा वर्षांची झाली, त्यामुळे पुष्कळजण निर्धास्त होतात. पण क्लास वन मेडिकल दर वर्षी, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची तपासणीही दर वर्षी. बोलावणं अनेकदा अगदी थोड्या दिवसांच्या अवधीने येतं. त्या दिवशी मेडिकल संपलेलं असेल तर नाव पुढच्या खेपेला ढकललं जातं. मुलाखतीत ‘शेवटचं कधी उडवलंस?’ हा प्रश्न हटकून येतो. मल्टी-इंजिन तुझं झालेलं आहे, ते ताजं ठेव. परीक्षेची पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली असशील तर खाली काढ. कंपन्यांच्या लेखी चाचणीत नेव्हिगेशन आणि हवामानावरचेच प्रश्न पुन्हा येतात.

येत्या आठवड्यात तुझ्या मेडिकलची आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगची तारीख मला कळव. दोन्हींत किती अंतर आहे ते बघून इन्स्ट्रक्टर रेटिंगचं प्रशिक्षण कधी सुरू करायचं ते ठरवू. त्याच्या फीसाठी कर्ज वाढवायची गरज नाही. भाऊजींशी मी बोललो आहे, निम्मी रक्कम मी देतो. बँकेकडे हप्ता सुरू होण्याची तारीख पुढे ढकलता येते का, हे ताईला या महिन्यातच विचारायला सांग. हप्ता एकदा थकला की बँक ऐकून घेत नाही.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा