जॉन हाउलंड : कुलपरंपरा, शिळा आणि हस्तलिखित

मूळपुरुषाचे चरित्र शोधू जाता कुलपरंपरा, कोरीव लेख, समकालीन वृत्तांत आणि दप्तर अशी चार प्रकारची साधने हाती येतात. ती परस्परांना पूरक असतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ती पुष्कळदा एकमेकांना खोडून काढतात. इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या आरंभीच्या वसाहतकारांपैकी जॉन हाउलंड याचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

हाउलंड हा हंटिंग्डनशर परगण्यातील फेनस्टँटनचा. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून तो जॉन कार्व्हर यांच्या पदरी नोकर म्हणून निघाला. कार्व्हर प्लिमथ वसाहतीचे पहिले गव्हर्नर झाले आणि १६२१ च्या वसंतात वारले. काही आठवड्यांत त्यांची पत्नीही गेली. हाउलंडचा वंशविस्तार पुढे अफाट झाला. आपल्या मूळपुरुषाने गव्हर्नर कार्व्हर यांच्या कन्येचे पाणिग्रहण केले होते, अशी परंपरा या वंशात रूढ होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्लिमथच्या टेकडीवरील दफनभूमीत वंशजांनी शिळा उभारली, तेव्हा ही परंपरा दगडावर कोरली गेली.

ती खोटी ठरली ती एका हस्तलिखितामुळे. प्लिमथचे दुसरे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी लिहिलेला वसाहतीचा वृत्तांत अठराव्या शतकात बॉस्टनमधील एका चर्चच्या ग्रंथसंग्रहात होता. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमारास तो नाहीसा झाला. लंडनच्या बिशपांच्या फुलहॅम येथील ग्रंथालयात तो असल्याचे १८५५ मध्ये निश्चित झाले, १८५६ मध्ये तो छापला गेला आणि १८९७ मध्ये मूळ प्रत मॅसॅच्युसेट्सला परत मिळाली. त्याच्या अखेरीस ब्रॅडफर्ड यांनी जहाजावरील प्रवाशांची यादी दिली असून सुमारे तीस वर्षांनंतर प्रत्येकाचे काय झाले, हेही टिपले आहे. तीत हाउलंडची पत्नी म्हणून एलिझाबेथ, जॉन टिली यांची कन्या, असा निःसंदिग्ध उल्लेख आहे. दोघे हयात असून त्यांची दहाही अपत्ये जिवंत आहेत, अशीही नोंद आहे. पुढे शिळा बदलावी लागली.

परंपरा चुकीची का निघाली, यापेक्षा ती तशीच का निघाली, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. हाउलंड कार्व्हर यांच्या घरात वावरला होता, एवढा सत्यांश तीत आहे. परंतु नोकर हा शब्द वंशजांना रुचण्याजोगा नव्हता; त्याचा जावई केला की कुळाचा आरंभ गव्हर्नरापासून होतो. या प्रतिष्ठेची किंमत मात्र एलिझाबेथ टिलीने मोजली. जहाजावर ती जेमतेम तेरा वर्षांची होती. पहिल्याच हिवाळ्यात तिचे आईवडील दोघेही मरण पावले. त्या पोरक्या मुलीचे माहेर तिच्याच वंशजांनी पुसून टाकले.

ब्रॅडफर्ड यांचा वृत्तांतही निर्हेतुक नाही. वादळात हाउलंड समुद्रात फेकला गेला, शिडाचा लोंबता दोर त्याच्या हाती लागला आणि आकडीने त्याला वर ओढून घेण्यात आले, हा प्रसंग ते ईश्वरी कृपेचा दाखला म्हणून सांगतात. प्रसंग खरा मानण्यास हरकत नाही. पण त्याची निवड धर्मभावनेने केलेली आहे. राजवाड्यांनी १८९८ मध्ये बखरींची जी झडती घेतली, तिचा धडा येथेही लागू पडतो. गंमत अशी की, येथे दगडाला खोटे पाडणारे साधन बखरीच्याच जवळचे आहे.

दप्तरातला हाउलंड निराळाच दिसतो. १६२७ च्या गुरांच्या वाटणीत तो एका गटाचा प्रमुख असून पत्नी एलिझाबेथ, मुलगा जॉन आणि मुलगी डिझायर यांची नावे त्याच्यामागे आहेत. गटाच्या वाट्याला आलेल्या कालवडीचे नावसुद्धा लेखकाने टिपले आहे. १६३४ मध्ये केनेबेक नदीवरील व्यापारी ठाण्याचा तो प्रमुख होता. वसाहतीच्या हद्दीत घुसलेल्या हॉकिंग नावाच्या व्यापाऱ्याच्या नावेचा दोर त्याने माणसांकरवी कापविला. हॉकिंगने त्यांपैकी एकाला गोळी घातली आणि तोही मारला गेला. माझ्या माणसांवर नव्हे, माझ्यावर नेम धर, असे हाउलंडने त्याला बजावले होते, असे त्या प्रकरणाच्या जबानीवरून दिसते. जबानी एकाच पक्षाची आहे, याचे भान वाचताना सोडता येत नाही.

मृत्यूची नोंद २३ फेब्रुवारी १६७२/७३ अशी जोडवर्षी आढळते, कारण इंग्रजी वर्ष त्या काळी २५ मार्चला सुरू होई. ‘मेफ्लॉवर’मधून आलेल्यांपैकी प्लिमथमध्ये राहणारा अखेरचा पुरुष, असे वर्णन नोंदीत आहे. ‘प्लिमथमध्ये राहणारा’ हे विशेषण पुढे गळाले आणि तो सर्वांत शेवटचा पुरुष ठरला. वास्तविक त्याच जहाजातून लहानपणी आलेला जॉन कुक डार्टमथ येथे १६९५ पर्यंत हयात होता. वय ऐंशीच्या वर दिले आहे, तेही बेताने घ्यावे. १६२० मध्ये ब्रॅडफर्ड त्याला तरुण म्हणतात आणि तो दुसऱ्याच्या घरी नोकरीस होता. जन्म १५९९ च्या सुमाराचा मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

एलिझाबेथच्या बाबतीत मात्र पुरावा नेमका जुळतो. डिसेंबर १६८६ मध्ये स्वान्सी येथे केलेल्या मृत्युपत्रात तिने आपले वय एकोणऐंशी सांगितले आहे. लिडिया या मुलीला ती पिसांची गादी, घोंगड्या, पितळी किटली, लहान बायबल आणि जॉन रॉबिन्सन या धर्मगुरूंचा एक ग्रंथ देते. माहेरच्या नावाचा उल्लेख कोठेही नाही. बेडफर्डशरमधील हेन्लो गावच्या चर्चवहीत जॉन टिली यांच्या मुलीच्या, एलिझाबेथच्या, बाप्तिस्म्याची तारीख ३० ऑगस्ट १६०७ आहे.