जुन्या लॅपटॉपसाठी रॅम घेताना

दुकानाचा हिशेब ठेवण्यासाठी किंवा भरतकामाची डिझाइने काढण्यासाठी वापरलेला लॅपटॉप घेणारे व्यापारी व कारागीर बंधू पुष्कळ आहेत. काही महिन्यांत यंत्र रेंगाळू लागते आणि कोणीतरी सांगते, ‘रॅम वाढवा.’ सल्ला बरोबर असेलही. पण रॅमच कमी पडते आहे काय, हे आधी पाहावे.

रोजचे सगळे काम उघडे ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’खाली मेमरी जवळजवळ भरलेली दिसली तर रॅमचा खर्च सार्थकी लागेल. मेमरी निम्मी रिकामी आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर अडकलेली असेल, तर तेच पैसे जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवण्यात घालावेत. विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीपेक्षा जास्त रॅम घालून फायदा नाही.

आता आमची फजिती सांगतो. आमच्याकडे २०१३ साली बाजारात आलेला थिंकपॅड एक्स-२४० आहे. आम्ही ‘डीडीआर-३, ८ जीबी’ एवढेच सांगून रॅम आणली. ‘लागून जाईल,’ असे विक्रेता म्हणाला. लागली खरी, पण यंत्र सुरूच होईना. कारण या यंत्राला १.३५ व्होल्टची डीडीआर-३-एल लागते आणि आम्ही आणलेली होती १.५ व्होल्टची साधी डीडीआर-३. दोन्हींना २०४ पिना, खाचही एकाच जागी. त्यामुळे डोळा फसतो. फरक लेबलावर असतो. ‘पीसी-३-एल’ यातला ‘एल’ पाहावा, आणि त्यापुढचा १२८०० हा आकडा म्हणजे १६०० चा वेग. डीडीआर-४ ला २६० पिना असतात, ती या खाचेत बसतच नाही, म्हणून तिथे अशी चूक होत नाही.

दुसरी गोष्ट खाचांची. एक्स-२४० मध्ये खाच एकच आहे. म्हणजे ४ मध्ये आणखी ४ घालता येत नाहीत. जुनी काढून ८ जीबीची एकच घ्यावी लागते. त्याहून मोठी, १६ जीबीची कोणी देऊ केली तरी घेऊ नये, ती या यंत्रात चालत नाही. ज्यात दोन खाचा आहेत तिथे सारख्या दोन घातल्या तर काम जरा चपळ होते. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. असा लॅपटॉप घेण्यापूर्वीच ते विचारून घ्यावे.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे जुनी रॅम काढून खिशात घालून दुकानात जावे. मात्र काढण्याआधी चार्जर व बाहेरची बॅटरी वेगळी करावी. एक्स-२४० च्या पोटात दुसरी बॅटरीही असते, ती बायोसमधून बंद करावी लागते. नवी रॅम बसवल्यावर विंडोजमधली मेमरी तपासणी एकदा पूर्ण चालवावी आणि पावतीवर ‘न चालल्यास बदलून’ हे शब्द लिहून घ्यावेत. आम्ही ते घेतले नव्हते. निघालेली रॅम टाकू नये, तिलाही गिऱ्हाईक मिळते. विकताना ती किती व्होल्टची आहे, हे आपणच सांगावे.