मोरीतलं पाणी आणि पिवळी रेषा

प्रश्न : माझा भाचा दक्षिण अमेरिकेत क्विटोला जाऊन आला. तिथे जमिनीवर विषुववृत्ताची पिवळी रेषा आखलेली आहे म्हणे. रेषेच्या उत्तरेला भांड्यातलं पाणी एका दिशेने गरगरत भोकातून जातं, दक्षिणेला उलट्या दिशेने आणि बरोबर रेषेवर सरळ खाली. खिळ्याच्या डोक्यावर अंडं उभं राहतं आणि माणसाचं वजनही कमी भरतं. हे सगळं डोळ्यांनी पाहिल्याचं तो शपथेवर सांगतो. त्याचा मित्र मात्र म्हणतो, ती रेषाच चुकीच्या जागी आहे. खरं कोणाचं? येत्या मार्चमध्ये जायचं माझ्याही मनात आहे, म्हणून विचारते.

उत्तर : मित्राचं खरं आहे. भाच्यानेही पाहिलं ते पाहिलंच. फक्त वजन सोडलं तर बाकी कशाशीही विषुववृत्ताचा संबंध नाही.

आधी रेषेचं पाहू. क्विटो ही इक्वेडोरची राजधानी. ‘इक्वेडोर’ म्हणजे स्पॅनिशमध्ये विषुववृत्तच. 1830मध्ये वेगळं झालेल्या या देशाने तेच नाव घेतलं. शहराचा जुना भाग मात्र विषुववृत्तावर नाही, जेमतेम पाव अंश दक्षिणेला आहे. भाच्याने पाहिली ती जागा तिथून पंचवीसेक किलोमीटर उत्तरेला. नाव ‘मिताद देल मुंदो’, म्हणजे जगाचा मध्य. तिथे 30 मीटर उंचीचा दगडी मनोरा आहे, माथ्यावर पृथ्वीचा गोल आहे आणि पायथ्याशी ती प्रसिद्ध रेषा. पण मोबाइलवर जीपीएस उघडलं, तर शून्य अक्षांश सापडतो सुमारे 240 मीटर उत्तरेला. म्हणजे एक पाय उत्तर गोलार्धात आणि एक दक्षिणेत ठेवून फोटो काढणाऱ्यांचे दोन्ही पाय दक्षिणेतच असतात.

या चुकीचं खापर सहसा अठराव्या शतकातल्या फ्रेंच शास्त्रज्ञांवर फोडलं जातं. ते अन्यायाचं आहे. या परिसरातलं पहिलं स्मारक 1936मधलं. ते छोटं होतं. पुढे ते जवळच्या कालाकाली गावी हलवलं आणि आजचा मोठा मनोरा 1982मध्ये पुरा झाला. फ्रेंच मंडळी आली ती पहिल्या स्मारकाच्याही दोनशे वर्षं आधी आणि रेषा आखायला नव्हे, तर एक भांडण मिटवायला. न्यूटनच्या मते पृथ्वी विषुववृत्ताशी फुगीर आणि ध्रुवांशी चपटी असायला हवी होती. पॅरिसमधले कासिनी म्हणत होते, नेमकं उलट. निकाल लावायचा तर एक अंश अक्षांशाचं अंतर विषुववृत्ताजवळ आणि ध्रुवाजवळ मोजून ताडून पाहायचं. चपट्या भागाची कड कमी वाकलेली असते, म्हणून तिथे एक अंश बदलायला जास्त चालावं लागतं. एक तुकडी लॅपलंडला गेली. गोदँ, बुगेर आणि ला कोंदामीन यांची तुकडी 1736मध्ये क्विटोला पोचली.

यारुकीच्या पठारावर त्यांनी लाकडी दांडे एकापुढे एक ठेवत बाराएक किलोमीटरची सरळ रेघ मोजली आणि तिच्यावर त्रिकोण रचत डोंगरांमधून थेट कुएंका शहरापर्यंत गेले. थंडी, आजारपण, आपसातली भांडणं यांत वर्षं गेली. न्यूटनच बरोबर निघाला. आज आपल्याला ठाऊक आहे की विषुववृत्तापाशी अंश सुमारे 110.6 किलोमीटरचा भरतो, ध्रुवापाशी 111.7चा. मला विचाराल तर तिथे पाहायची गोष्ट ही आहे, अंडं नव्हे.

मग रेषेत 240 मीटरांचा फरक का पडतो? जुन्या काळी अक्षांश काढायचा तो ताऱ्यांची उंची मोजून, आणि ‘सरळ खाली’ म्हणजे कुठे हे ठरवायचा ओळंबा, गवंडी वापरतो तोच. आता शेजारी अँडीजसारखा डोंगर असला की तो ओळंब्याला किंचित आपल्याकडे ओढतो. बुगेरने चिंबोरासो पर्वतापाशी हे मोजायचा प्रयत्नही केला होता. ओळंबा अंशाच्या साडेचारशेव्या हिश्श्याइतका जरी कलला, तरी जमिनीवर अडीचशे मीटरांची तफावत पडते. जीपीएसचा हिशोब पृथ्वीच्या केंद्रापासून असतो, त्याला डोंगराची ओढ चकवत नाही.

आता पाणी. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्यांना वळण मिळतं, हे खरं. अरबी समुद्रातली चक्रीवादळं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात ती त्यामुळेच. पण हा परिणाम शेकडो किलोमीटरांच्या पसाऱ्यात दिसतो आणि विषुववृत्तावर तर शून्यच होतो. रेषेपासून चार पावलांवर तो कुठून येणार? प्रयोग दाखवणारा पाणी कोणत्या बाजूने ओततो, भांडं उचलताना कसं फिरवतो, एवढ्यावर भोवऱ्याची दिशा ठरते. आपल्या मोरीतलं पाणीही कधी असं तर कधी तसं फिरतं, पाहा. 1962मध्ये अमेरिकेतल्या शपिरो यांनी सहा फुटी टाकीतलं पाणी चोवीस तास अगदी शांत राहू दिलं, तेव्हा कुठे पृथ्वीच्या फिरण्याची खूण त्यात दिसली. एवढा दम कोणत्या पर्यटकाला असतो!

अंड्याचं तर सोपं आहे. खिळ्याचं डोकं जरा पसरट, अंड्याचं कवच खरखरीत आणि हात स्थिर, की नाशिकलाही जमेल.

वजन मात्र खरंच कमी भरतं. फुगवट्यामुळे आपण केंद्रापासून लांब असतो, शिवाय फिरण्याचा वेगही तिथे सर्वांत जास्त. ध्रुवावर सत्तर किलो दाखवणारा स्प्रिंगचा काटा विषुववृत्तावर सुमारे 370 ग्रॅम कमी दाखवेल. पुण्याहून गेलात तर फरक शंभर ग्रॅमच्याही आत. तोही तागडीत मुळीच दिसणार नाही, कारण दुसऱ्या पारड्यातली वजनंही तेवढीच हलकी होतात!

मार्चमध्ये अवश्य जा, पण स्वेटर घेऊन. क्विटो सुमारे 2850 मीटर उंचीवर आहे. पहिल्या दिवशी दम लागतो, तेव्हा पिचिंचा डोंगरावर जाणारी केबल कार दोन दिवस लांबवा. तोवर जुनं शहर हिंडा. युनेस्कोच्या 1978च्या पहिल्याच यादीतलं ते आहे, आणि ला कोम्पान्या चर्चचा आतला सोन्याचा मुलामा पाहून डोळे दिपतात.

जमलं तर 20-21 मार्चला मनोऱ्यापाशी थांबा. आपल्याकडे मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो, तसा तिथला तो दिवस. दुपारी बारा वाजून वीसेक मिनिटांनी सूर्य थेट डोक्यावर येईल आणि तुमची सावली पायांखाली जाईल. 240 मीटरांचा फरक तिला कळतही नाही. फक्त तिथे तेव्हा पावसाळा असतो. ढगांचं काही सांगता येत नाही.